चौथ्या-पाचव्याच्या मध्ये

मी लिफ्ट दुरुस्त करतो. इस्तंबूलमध्ये, फातिहच्या बाजूला,
जिथे इमारती एकमेकींना टेकून उभ्या
आणि लिफ्टा बहुतेक माझ्या वयाच्या.

जानेवारीत वजीहाबाई अडकल्या
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. सव्वा तास.
सुटा भाग काराकोयहून यायचा होता,
ओरचुन गेला होता स्कूटरवर,
आणि मी दाराच्या फटीशी तोंड नेऊन,
बाईंनी घाबरू नये म्हणून विचारलं,
जेवलात का?

चुकलंच माझं.
आतल्या काळोखात त्यांनी अख्खी सळई रचायला घेतली,
कापावर काप, मध्ये चरबीचा थर,
रात्रभर दह्यात काय मुरलं, वेलदोडा किती.
"हलबला आमच्या गल्लीत" इथून निघालेली गोष्ट
"इथे मात्र एकच आहे, ऐक" इथवर आली.
दिव्यांच्या पाटीला भुलू नकोस.
पोरं फोटो काढतात तिथे तर मुळीच नको.
माल्टा बाजारात, औषधाच्या दुकानामागे,
ज्याच्या उजव्या हातावर एक केस उरलेला नाही
त्याच्याकडे खा.

तीन शुक्रवार मी लोकांचे हात बघत फिरलो.
पहिल्या दुकानात मांस असं, की वर्तमानपत्र चावावं.
दुसऱ्यात लसणाच्या नावाखाली मेयोनीज.
सेवील म्हणाली, पैसे घालवून येतोस
आणि वर ढेकरही देतोस.

तिसऱ्या शुक्रवारी थंडीने नाक बधिर,
वास कसला येणार.
तरी आला.

एक माणूस, एक सळई, मागे लाल झालेली जाळी,
आणि तो हात,
मनगटापासून कोपरापर्यंत तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत.

सुरी तो दाबत नव्हता, नुसती खाली सोडत होता.
आधी जळकी कड सुटायची, मग तिच्या आडचं मऊ.
पातळ रोटी त्याने फिरत्या मांसाच्या अंगाला पुसून घेतली,
लसणाचा पांढरा लेप, डाळिंबाचा आंबट पाक,
खारवलेली काकडी, गुंडाळी तव्यावर, वर लोखंडी वजन.
चर्र.

पहिला घास उभ्याने घेतला.
दुसऱ्यासाठी पायरीवर बसलो.
ओघळ मनगटावरून बाहीत शिरला. शिरू दिला.

मुवफ्फक त्याचं नाव. अडखळत्या तुर्कीत म्हणाला,
ही लेक तुमचीच.
चेविर्मे, फिरवणं, तुमचाच शब्द ना?
आमच्याकडे नांदायला आली, नाव बदललं, शवर्मा झाली.
आता इतक्या वर्षांनी माहेरी आलीय
तर शेजारी विचारतात, ही कोण परकी, कधी जाणार?

मी काय बोलणार.
तोंड भरलेलं होतं, बरंच झालं.
मग पाणी पिऊन एवढंच म्हणालो, की माझं काम वर-खाली,
तुझं गोल गोल,
पण मधेच थांबलं तर ओरडा सारखाच.
तो हसला. सुरीला धार लावायला लागला.

आणखी एक बांधून घेतला, कोटाच्या आत, छातीशी.
ट्राममध्ये एक मांजरीएवढी म्हातारी माझ्याकडे सरकत आली
आणि तिच्या थांब्यावर उतरायला विसरली.

वजीहाबाई सहाव्या मजल्यावर.
लिफ्ट मीच नीट केलेली,
तरी का कोण जाणे, जिन्याने चढलो.
त्यांनी कागद उघडला नाही आधी. हुंगला.
मग दारातच, चपला न घालता, उभ्या उभ्या संपवला सगळा,
कागदाला लागलेला लसूणसुद्धा बोटाने.
"लसूण कमी पडला," म्हणाल्या.
आणि जरा थांबून,
"हात पाहिलास त्याचा?"
पाहिला.
"केस?"
नव्हते.
"मग ठीक," म्हणाल्या,
जणू गावाहून कुणाची खुशाली कळली.

दार लागल्यावर मी बटण दाबलं.
लिफ्ट आली.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये थोडी थरथरली, नेहमीसारखी,
आणि अजूनही तिथे, शपथेवर सांगतो,
वेलदोड्याचा वास येत होता.